२०२४ सालचे माझे पाच चित्रपट

डिसेंबर महिना अर्ध्यावर आला की वर्तमानपत्रांना आणि साप्ताहिकांना क्रमवारीचा ज्वर चढतो. वर्षातील उत्तम पुस्तके, वर्षातील गाजलेले खेळाडू आणि अर्थातच वर्षातील उत्तम चित्रपट. ह्यांपैकी बहुतेक याद्या गल्ल्यावरून ठरतात. २०२४ सालच्या हिशोबात ‘पुष्पा २’ आणि ‘स्त्री २’ ह्यांनी जी कमाई केली, तिच्यापुढे इतर अनेकांचे आकडे फिके पडले. त्याविषयी माझी तक्रार नाही. लोक आपल्या कष्टाच्या पैशाने तिकीट काढतात. त्यांच्या पसंतीला नाक मुरडण्याचा अधिकार कोणाला? परंतु गल्ल्याची वही आणि मनाची वही ह्या दोन वेगळ्या वह्या आहेत. पहिली थिएटरवाले लिहितात, दुसरी ज्याची त्याने लिहावयाची असते.

क्रमांक लावण्याची सवय माझ्या हाताला आहे. एकतीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले. त्या अनुभवावरून सांगते, गुण देणे सोपे असते, क्रमांक लावणे कठीण. गुण देताना आपण उत्तराचा विचार करतो. क्रमांक लावताना आपल्याला स्वतःविषयी ठरवावे लागते की, आपण कशाला मोठे मानतो. म्हणून ही यादी करण्याची मी घाई केली नाही. चित्रपट पाहून आल्यावर त्याच रात्री जो उमाळा असतो तो फसवा असतो. चार-सहा महिन्यांनी, भाजी निवडताना किंवा बसची वाट पाहताना, ज्यातले एखादे दृश्य न बोलावता डोळ्यांसमोर येऊन उभे राहते तो चित्रपट आपला.

हे पाचही चित्रपट मी एकटीने पाहिले नाहीत. माझ्यासोबत माझी आत्या होती. आत्याने ऐंशी वर्षे पूर्ण केली आहेत. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तिने छत्तीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली. लग्न केले नाही. निवृत्तीनंतर ती वसईला आमच्या जुन्या घरी राहावयास आली. काही चित्रपट आम्ही चित्रपटगृहात पाहिले, काही घरच्या पडद्यावर. भाषा येत नसली की मी खालच्या इंग्रजी ओळी वाचून तिला मराठीत सांगत असे. अर्ध्या वेळानंतर ती म्हणे, “पुरे गं बाय, चेहऱ्यावरून कळतं मला.” वॉर्डात आयुष्य गेलेल्या बाईला चेहरे वाचायला कोणी शिकवावे लागत नाही.

यादी पूर्ण झाल्यावर माझ्या ध्यानात आले की पाचही चित्रपट एकाच दिशेला बोट दाखवीत आहेत. भाषा वेगळ्या, देश वेगळे, प्रकृती वेगळ्या. परंतु प्रत्येकात एक असे माणूस आहे की, जे घरात असते, कामात असते, आणि मोजदादीत मात्र नसते. कोणाचा चेहरा झाकलेला, कोणाचे नाव विसरलेले, कोणाचा शब्द न ऐकलेला. क्रमांक लावताना हीच माझी कसोटी झाली.

पाचवा क्रमांक मी ‘कॉन्क्लेव्ह’ला देते. रॉबर्ट हॅरिस ह्यांच्या २०१६ सालच्या कादंबरीवरून एडवर्ड बर्गर ह्यांनी हा इंग्रजी चित्रपट केला. आपल्याकडे तो २०२५ च्या फेब्रुवारीत लागला आणि मार्चमध्ये त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळाले. परमगुरूंच्या निधनानंतर नव्या परमगुरूंची निवड होते, तिची ही कथा. रेफ फाइन्स ह्यांनी रंगविलेले कार्डिनल लॉरेन्स निवडणुकीची व्यवस्था पाहतात, आणि ती पाहता पाहता त्यांना आपल्या बंधूंच्या मनातील महत्त्वाकांक्षाही पाहावी लागते. खात्री हे पाप होऊ शकते, श्रद्धा ही शंकेचा हात धरूनच चालते, असा त्यांच्या प्रवचनाचा आशय आहे. चित्रपटाच्या शेवटच्या कलाटणीवर पुष्कळांनी नाराजी व्यक्त केली. मलाही ती ओढूनताणून आणलेली वाटली, म्हणूनच हा पाचवा. पुढे २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस निवर्तले, १३३ कार्डिनल सिस्टीन चॅपेलमध्ये गेले आणि ८ मे रोजी चौथ्या मतदानात पोप लिओ चौदावे निवडले गेले. तेव्हा पुष्कळांनी हा चित्रपट मुद्दाम काढून पाहिला.

मला मात्र त्यातल्या सिस्टर ॲग्नेस आठवतात. इझाबेला रोसेलिनी ह्यांची ही भूमिका काही मिनिटांचीच आहे. सारे कार्डिनल जेथे मुक्काम करतात, तेथील स्वयंपाक, स्वच्छता, बिछाने ह्या सगळ्याची व्यवस्था भगिनींकडे आहे. भगिनी ताटे मांडतात, ताटे उचलतात आणि कोणी त्यांच्याकडे पाहत नाही. मग ऐन भोजनगृहात सिस्टर ॲग्नेस उभ्या राहतात. आम्ही दिसू नये अशीच अपेक्षा असली तरी देवाने आम्हालाही डोळे आणि कान दिले आहेत, अशा अर्थाचे थोडे बोलतात, किंचित झुकून नमन करतात आणि जातात. त्या अर्ध्या मिनिटात निवडणुकीचे पारडे फिरते. आत्या बाहेर पडताना म्हणाली, “एवढ्या माणसांचं जेवण कोण करतं, ते एकदाचं कोणीतरी दाखवलं.”

चौथा क्रमांक ‘लापता लेडीज’चा. १ मार्च २०२४ रोजी प्रदर्शित झालेला किरण राव ह्यांचा हा हिंदी चित्रपट आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. २००१ साल, निर्मल प्रदेश नावाचे काल्पनिक राज्य, गच्च भरलेली रेल्वेगाडी, आणि सारख्याच घुंगटातल्या दोन नववधू. दीपक रात्री घाईत उतरतो तो दुसऱ्याच वधूचा हात धरून. प्रसंग प्रहसनाचा आहे आणि हसू येतेच. परंतु पोलीस ठाण्यात हरवलेल्या बायकोचे छायाचित्र म्हणून घुंगटातला फोटो पुढे केला जातो, तेव्हा हसता हसता घास अडकतो. जिचा चेहराच कोणी पाहिलेला नाही तिला शोधायचे कसे? तिकडे फलाटावर राहिलेल्या फूलला सासरच्या गावाचे नाव धड ठाऊक नाही आणि नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही असा तिला संस्कार. नाव, गाव, चेहरा, तिन्ही गोष्टी हरवलेल्या अशी ही मुलगी.

तिला सावरते ती फलाटावर चहाचे दुकान चालविणारी मंजू माई. ही भूमिका आपल्या छाया कदम ह्यांनी केली आहे. मंजू माई उपदेशाचे घुटके पाजत नाही. ती फूलला कामाला लावते. फूल कलाकंद करते, तो विकला जातो आणि आयुष्यातली पहिली कमाई तिच्या हातावर पडते. आणखी एक लहानसा प्रसंग मला विसरता येत नाही. दीपकच्या घरी चुकून आलेली जया त्याच्या आईने केलेल्या भाजीची मनापासून स्तुती करते. त्या बाईला उमगतच नाही की काय बोलावे. कारण घरातल्या बाईच्या आवडीचे कोणी शिजवीत नाही, आणि तिचे तिलाही आठवेनासे होते. चित्रपटाचा शेवट फार सोयीचा आहे, सगळ्या गाठी पटापट सुटतात, म्हणून मी त्याला वर नेले नाही. आत्याने ह्यावर माझ्याशी वाद घातला. तो पुढे सांगते.

तिसरा क्रमांक ‘मेय्यळगन’ ह्या तमिळ चित्रपटाचा. सी. प्रेमकुमार ह्यांचे दिग्दर्शन, सप्टेंबर २०२४ चे प्रदर्शन. १९९६ साली भाऊबंदकीच्या वादात तंजावरचे वडिलोपार्जित घर गमावून एक कुटुंब मद्रासला निघून जाते. त्या वेळचा तरुण मुलगा अरुळ, म्हणजे अरविंद स्वामी, दोन दशकांहून अधिक काळाने चुलत बहिणीच्या लग्नासाठी परततो. मनात अढी, जायचे, आहेर करायचा आणि रात्रीच्या बसने परत फिरायचे. मांडवात एक नातलग त्याला कवेत घेतो, भरवतो, हट्टाने घरी नेतो, रात्रभर जुन्या आठवणी सांगतो. ही कार्ती ह्यांची भूमिका. आणि अरुळला त्या माणसाचे नाव काही केल्या आठवत नाही. विचारण्याची लाज वाटते. त्यातच कळते की, घर सोडताना अरुळने मागे टाकलेली जुनी सायकल ह्या माणसाच्या कुटुंबाचा आधार झाली होती. जे आपण विसरलो त्यावर कोणाचे तरी आयुष्य उभे राहिले! अरुळ पहाटे कोणाला न सांगता निघून जातो. त्याला ते नाव अखेर कसे मिळते हे मी सांगत नाही. तेच चित्रपटाचे शीर्षक आहे एवढे पुरे.

काहींना हा चित्रपट लांबलेला वाटला. प्रदर्शनानंतर त्याची लांबी कमीही करण्यात आली. मला त्याची संथ गती भावली. आपल्या वसईतही लग्नाच्या मांडवात असे नातलग भेटतात, जे आपल्याला पूर्ण ओळखतात आणि आपण त्यांना अर्धेच. चित्रपट संपल्यावर आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “वॉर्डात आम्ही माणसांना खाटेच्या नंबराने हाक मारायचो. सतरा नंबरचा एक म्हातारा होता, रोज माझ्यासाठी आपल्या चहातली बिस्किटं ठेवायचा. त्याचा चेहरा आहे माझ्याजवळ. नाव नाही.”

दुसरा क्रमांक मी ‘आट्टम’ला देते. आट्टम म्हणजे नाट्य, खेळ. आनंद एकर्षी ह्यांचा हा मल्याळी चित्रपट ५ जानेवारी २०२४ रोजी प्रदर्शित झाला. एका नाटकमंडळीत बारा पुरुष आणि एक स्त्री, अंजली. ती भूमिका झरीन शिहाब ह्यांनी केली आहे. प्रयोगानंतरच्या मेजवानीच्या रात्री, ती झोपेत असताना, खिडकीतून कोणीतरी तिच्याशी गैरवर्तन करते. कोणी, हे अंधारामुळे दिसत नाही. मग मंडळीतील पुरुष न्याय करण्यासाठी एका घरी जमतात. प्रारंभी सारे संतापलेले असतात. संशयिताला काढून टाकण्याचे जवळजवळ ठरते. इतक्यात परदेश दौऱ्याची संधी समोर येते आणि ती त्या संशयितामुळेच येते. तेव्हापासून एकेकाचे तत्त्व वितळू लागते. कोणाला कर्ज आहे, कोणाला घर बांधायचे आहे, कोणाला परदेश पाहायचा आहे. खलनायक असा कोणीच नाही. सगळे आपल्यासारखेच बरे लोक. चर्चा अंजलीविषयी चाललेली असते आणि बराच वेळ अंजली त्या खोलीत नसते. तिला बोलावले जाते ते उत्तरे द्यायला.

ह्या चित्रपटाला १६ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोत्कृष्ट कथापटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी, मल्याळी चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीवरचा न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल प्रसिद्ध करण्यात आला. समिती २०१७ सालची, अहवाल सादर झाला २०१९ च्या डिसेंबरात; प्रसिद्धीला साडेचार वर्षांहून अधिक काळ लागला. म्हणजे पडद्यावरच्या बारा पुरुषांनी एका घरात जे केले तेच अधिक मोठ्या घरात, अधिक सावकाशपणे घडले होते.

आणि आता पहिला क्रमांक : ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया ह्यांचा हा चित्रपट. १९९४ साली शाजी करुण ह्यांचा ‘स्वहम्’ कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. त्यानंतर तीस वर्षांनी, मे २०२४ मध्ये, ह्या चित्रपटाच्या रूपाने भारतीय चित्रपट पुन्हा तेथे पोहोचला आणि ‘ग्राँ प्री’ हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान घेऊन आला. आपल्याकडे तो नोव्हेंबरात लागला, मोजक्या चित्रपटगृहांत. ऑस्करसाठी भारताने ह्याच्याऐवजी ‘लापता लेडीज’ पाठविला म्हणून बराच वाद झाला. त्या वादात मला रस नाही. दोन्ही चित्रपटांत छाया कदम आहेत, एवढे मी समाधानाने नोंदवते. कानला त्या आपल्या दिवंगत आईची साडी आणि नथ घालून गेल्या होत्या.

कथा मुंबईतल्या एका रुग्णालयाची आहे. प्रभा आणि अनू ह्या केरळमधून आलेल्या दोन परिचारिका एका खोलीत राहतात. कनी कुसृती ह्यांनी प्रभाची भूमिका केली आहे, दिव्य प्रभा ह्यांनी अनूची. प्रभाचा नवरा लग्नानंतर जर्मनीला गेला आणि हळूहळू त्याचे फोनही थांबले. एके दिवशी जर्मनीत बनलेला एक लाल रंगाचा भात शिजविण्याचा कुकर टपालाने येतो. पत्र नाही, नाव नाही. रात्री प्रभा जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. एवढे एकाकीपण मी पडद्यावर क्वचितच पाहिले आहे. अनूचे एका मुस्लिम तरुणावर प्रेम आहे आणि ह्या अफाट शहरात दोघांना निवांत बसायला जागा नाही. तिसरी पार्वती, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करणारी, मूळची रत्नागिरीकडची. नवरा वारला आहे. ज्या खोलीत तिचे आयुष्य गेले ती बिल्डरला हवी आहे आणि खोली आपली असल्याचा एकही कागद तिच्याजवळ नाही. एका रात्री प्रभा आणि पार्वती बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड मारतात. फलकाचे काही बिघडत नाही. शेवटी पार्वती समुद्राकाठच्या आपल्या गावी परत जाते आणि दोघी तिला पोहोचवायला जातात. चित्रपटाचा रंग तेथे बदलतो. मुंबईच्या पावसाळी निळ्या अंधारातून आपण कोकणच्या उजेडात येतो. एक-दोन प्रसंग लहान मुलांसह पाहण्याजोगे नाहीत, हे वाचकांना सांगितलेले बरे. परंतु प्रौढांनी तो अवश्य पाहावा.

पार्वतीच्या कागदांच्या प्रसंगाशी आत्या खुर्चीत सरळ होऊन बसली. त्याचे कारण आहे.

आमचे कौलारू घर पाडून नवे घर बांधले गेले ते १९७८ साली, आणि त्यातला मोठा पैसा आत्याच्या पगारातून आला होता. आजोबा मृत्युपत्र न करता वारले. घर आणि मागची वाडी मुलग्यांच्या नावावर चढली. मुलीचे नाव चढविण्याची आठवण कोणाला झाली नाही, आणि तीही मुंबईला रात्रपाळ्या करीत होती. २०२४ च्या ऑक्टोबरात जागेच्या व्यवहाराविषयी बोलायला माझे भाऊ आणि चुलतभाऊ पुढच्या खोलीत जमले. मुले वाईट नाहीत. आत्याच्या औषधपाण्यात कोणी कमी करीत नाही. चर्चा दोन तास चालली. आत्या आत चहा करीत होती. अखेरीस तिला बोलावले आणि हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे केला. तिने चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि म्हणाली, “करते सही. पण आधी माझं नाव कागदावर येऊ द्या. जे माझ्या नावावर कधी आलंच नाही, ते मी सोडू कसं?”

कायदा ह्याबाबतीत तिच्या बाजूचा आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती माणूस मृत्युपत्राविना वारला तर मुलगा आणि मुलगी ह्यांचा वाटा सारखा असतो. प्रभा आणि अनू ज्या केरळमधून आल्या तेथील सिरियन ख्रिस्ती मुलींना हा समान वाटा मिळण्यासाठी मेरी रॉय ह्यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि तो निकाल १९८६ साली लागला. आपल्याकडे न्यायालयात जाण्याची वेळ फारशी येत नाही, कारण आपल्या मुली आणि बहिणी प्रेमाखातर सही करून मोकळ्या होतात. मी आत्याबरोबर तलाठी कार्यालयात जाऊन वारसनोंदीचा अर्ज दिला आहे. भावांना तो फारसा रुचलेला नाही. दोघांनी अद्याप अबोला धरला आहे. तो सुटेल, अशी माझी आशा आहे. अर्ज मात्र मी मागे घेणार नाही.

ह्या यादीत एकही संपूर्ण मराठी चित्रपट नाही ह्याची मला खंत आहे. आदिनाथ कोठारे ह्यांचा ‘पाणी’ अगदी उंबरठ्यापर्यंत आला होता. नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे ह्यांनी गावासाठी पाणी साठविण्याचा जो ध्यास घेतला, त्याची ती कथा. चित्रपट प्रामाणिक आहे, परंतु त्याने मला जे सांगितले ते मला अगोदर पटलेले होते. पहिल्या पाचांनी मला जे दिसत होते तेच पुन्हा पाहायला लावले.

आत्याची क्रमवारी निराळी आहे आणि न्यायाने तीही येथे द्यावयास हवी. तिच्या लेखी ‘लापता लेडीज’ पहिला, कारण त्यात एक मुलगी शिकायला जाते आणि सगळे मिळून तिला जाऊ देतात. शेवट सोयीचा असेल तर असू दे, ती म्हणते, सोयीचा शेवट एखादीच्या वाट्याला यायला काय हरकत आहे? दुसरा ‘मेय्यळगन’, तिसरा ‘कॉन्क्लेव्ह’, चौथा ‘आट्टम’. माझा पहिला तिच्याकडे पाचवा आहे. “चांगला आहे,” ती म्हणाली, “पण तो मी छत्तीस वर्षं पाहिलाय.” मी माझा क्रमांक बदललेला नाही, तिनेही तिचा बदललेला नाही. वाचकांनीही आपापली वही उघडावी, आणि शक्य झाल्यास घरातल्या सर्वांत वडील स्त्रीला शेजारी बसवून उघडावी.